वाळूच्या डब्यातले सदतीस नग

मंगळवार, २२ जुलै २०२५

सही करून बसलो. सही करताना हात अजिबात थरथरला नाही, तिथेच चुकलं. थरथरला असता तर मॅडमनी कागद दुसऱ्या कोणाच्या पुढे केला असता.

उद्या कोणी विचारलंच तर आपल्याजवळ काही लेखी असावं, म्हणून गेल्या सालच्या हजेरीबुकाची कोरी पानं घेतली आहेत. मागून घेतली, उचलली नाहीत. मी भिकन, धुळ्याच्या देवपुरातल्या शाळेचा शिपाई. शिक्षण सातवी, तेही सहावीत दोनदा बसून. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण मधल्या सुट्टीची घंटा माझ्याशिवाय कोणाला वेळेवर जमत नाही म्हणून संस्थेने ठेवून घेतलं. एवढ्या वर्षांत खडूचा एक डबा माझ्या हातून इकडचा तिकडे झालेला नाही.

कागदावर लिहिलंय, "जप्त केलेले सदतीस नग विल्हेवाटीसाठी मिळाले." खाली मी.

नग म्हणजे मुलांच्या दप्तरांतून निघालेल्या वाफेच्या सिगारेटी. काडी नाही, राख नाही. आत बॅटरी असते, ओढलं की गोड वासाची वाफ निघते. एक लिपस्टिकसारखी, चार पेनसारख्या, आणि एक तर मी मार्कर समजून पंधरा दिवस सातवी ब च्या फळ्याजवळ ठेवत होतो. रोज बाकाखाली सापडायची, जागेवर ठेवायचो, पुन्हा गायब व्हायची.

"नाना, याची विल्हेवाट लावा," मुख्याध्यापिका कोकिळा मॅडम म्हणाल्या. "हे विकायला बंदी आहे, साठवून ठेवायलाही. एक तारखेला तपासणी आहे. आपल्याच कपाटात सापडलं तर शाळेचं नाव पेपरात येईल."

"पोलिसांत देऊन येऊ?"

"नाना!"

"मग?"

"कुठे रीतसर देता येतं ते शोधा. मला पावती हवी. सदतीस म्हणजे सदतीस. एक कमी निघाला तर लोक म्हणतील शिपायाने विकला. मी नाही म्हणणार. लोक म्हणतील."

आणि एक जास्त निघाला तर लोक काय म्हणतील, हे विचारायचं राहिलं. पण जास्त कशाला निघेल?

बुधवार, २३ जुलै

माझे तीन बेत होते. पहिला, घरचा पाणी तापवायचा बंब. दुसरा, पांझरा नदी. तिसरा, शाळेमागच्या कडुनिंबाखाली खड्डा. सायन्सच्या हेमांगी मॅडमना सहज विचारावं तसं विचारलं.

"जाळू नका, स्फोट होतो. पाण्यात टाकू नका, आत विष आहे. पुरू नका, तेच विष जमिनीत मुरेल. घंटागाडीत तर अजिबात नको, दाबलं गेलं की गाडी पेटते."

आगीत नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. माणसाची सोय यापेक्षा लवकर लागते.

मॅडमनी उपाय सांगितला. हातात मोजे घालायचे, प्रत्येक नगाच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची आणि पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवायचे. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. व्हरांड्यात आगीसाठी लाल बादल्या टांगलेल्या आहेत, त्यांतली वाळू काढली. वाळूत तीन पेन्सिली, सुपारीच्या पुड्या आणि एक राखी निघाली. चाळणीने चाळून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरली. सदतीस नग पुरून वर चार बोटं वाळू. दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना छत्तीस आले, घाम फुटला. एक हातमोज्यात अडकला होता.

शुक्रवार, २५ जुलै

नमुना म्हणून एक नग भंगारवाल्याकडे नेला. त्याने फिरवून पाहिला, नाकाला लावला.

"चालू शे का?"

"चालू कसाले पाहिजे? मोडायला दिलं ना?"

"नाना, चालू असेल तर मोडायचं कशाला? तीन पोरं आत्ता दारात उभी करतो. अजून किती नग शेत?"

"एकच शे," म्हणालो आणि निघालो. नग खिशात ठेवायची भीती वाटली. खिशात फुटतात म्हणे. पायमोज्यात ठेवला. मग पायात फुटेल असं वाटून लंगडत आलो. शाळेच्या दारात तीन जणांनी पायाला काय झालं विचारलं. तीन जणांना तीन कारणं सांगितली. आता ती लक्षात ठेवायची.

सोमवार, २८ जुलै

हेमांगी मॅडमनी जळगावचं एक केंद्र शोधलं. बॅटरीचा कचरा रीतसर घेतात, पावती देतात, पण फक्त मंगळवारी. उद्या नागपंचमीची त्यांना सुट्टी. म्हणजे ५ ऑगस्ट.

तपासणी १ तारखेला. डबा शाळेत ठेवता येत नाही. आणि ३ तारखेला रविवार, आमच्या खानदेशची कानबाई देवी बसणार. या वर्षी रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाची भाऊबंदांची पंगत, आमच्या घरी आहे. दोंडाईच्याहून माझा भाऊ सुकदेव, जळगावहून त्याचा हितेंद्र, सगळे भाऊबंद येणार. चाळीस माणसांच्या घरात मी डबा कुठे लपवू?

गुरुवार, ३१ जुलै

रिक्षाने डबा घरी आणला, उरलेली वाळू पिशवीत. मांडीवर घेऊन बसलो होतो. रिक्षावाला म्हणाला, "नाना, तूप शे का?" हो म्हणालो. तो म्हणाला, "मग थोडं द्या ना." उतरेपर्यंत मागत होता.

घरी माझ्या बायकोने, तानुबाईने, सगळं घर उपसून अंगणात काढलेलं. माळा रिकामा, पलंगाखालचं सगळं बाहेर, भिंतींना चुना. कानबाईच्या आधी आमच्याकडे घराचा एक कोपरा झाकलेला राहत नाही. मी डबा घेऊन तीन खोल्या फिरलो.

"काय शे त्यामा?"

"शाळानं शे. हात नको लावू."

"मनंच घर, मी नही हात लावसू ते कोन लावी?"

सांगावं लागलं. सदतीस नग, सही, पावती, सगळं. मला वाटलं घाबरेल. ती उलट जवळ येऊन बसली आणि प्रश्न विचारू लागली. केवढी असते? पेनाएवढी? कसला वास येतो, फळाचा? पोरं खिशात ठेवतात का? मग अंगणातला चौरंग पुसायला घेतला.

"डबा कानबाईच्या चौरंगखाले ठेवा," शेवटी म्हणाली. "तठे कोनी हात लावत नही."

मला हे सुचलं नव्हतं. कानबाई पाठीशी असल्यावर काय भीती? संध्याकाळी तानुबाई हितेंद्रच्या बायकोशी, मयुरीशी, फोनवर तासभर बोलत होती. रोटाच्या तयारीचं असणार.

शनिवार, २ ऑगस्ट

तपासणी काल नीट पार पडली. साहेबांनी लाल बादल्या रिकाम्या का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, वाळू धुवायला दिली आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

आज सगळे आले. दुपारी रोटाचे गहू मोजले, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. हितेंद्र आधी माझ्या पाया पडला आणि मग मागच्या अंगणात गेला. मी मागे गेलो तर टरबुजाचा वास. म्हणाला, "येताना रस्त्यात टरबूज खाल्लं, नाना." श्रावणात टरबूज? जळगावला हल्ली सगळं मिळत असेल.

चहाच्या वेळी गप्पा निघाल्या. शाळेत काय चाललंय, सुकदेवने विचारलं. डब्याचं मी सांगितलं नाही, पण वाफेच्या सिगारेटी कशा असतात ते सांगितलं. जळगावचे, धुळ्याचे सगळे पुतणे समोर बसले होते.

"आत बॅटरी राहते," मी म्हणालो. "खिशात तापली की फुटते. आणि खिसा कुठे असतो, ते तुम्हीच पाहा."

सुकदेव हसला. पुतण्यांपैकी कोणी हसलं नाही. हितेंद्र बसल्या जागेवरून उठून उभा राहिला आणि चहा उभ्यानेच प्यायला. अजून दोघे उठले. हल्लीच्या मुलांना मांडी घालून बसायची सवयच नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, मंगळसूत्र, चारी बाजूंनी केळीचे खांब, चौरंगावर लाल वस्त्र जमिनीपर्यंत. खाली डबा. वर कणकेचे दिवे. दिवा आणि बॅटरी यांच्यात एका फळीचं अंतर, हे माझ्या लक्षात आधी का आलं नाही? मी दिवे वीतभर पुढे सरकवले. तानुबाईने मागे घेतले. मी पुन्हा सरकवले.

"कानबाईले अंधारमा बसाडतस का?"

उरलेल्या वाळूची एक बादली घेऊन दिवसभर दाराशी बसलो. पाहुण्यांना वाटलं, यंदा काही नवा विधी आहे. दोघांनी चिमूटभर वाळू कपाळाला लावली.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी. हल्लीची मुलं देवधर्म करत नाहीत असं म्हणतात, ते खोटं आहे. मोठी माणसं हात जोडून उठत होती, पण पोरं एकेक करून, पूर्ण वाकून, डोकं चौरंगाला टेकवून, हात खाली वस्त्राच्या आत घालून नमस्कार करत होती. कानबाईचे पाय शोधत असावीत. हितेंद्र तर इतका वेळ वाकला की मला भरून आलं. सुकदेवची धाकटी मुलगीही तशीच वाकली, दोन्ही बाजूंना बघून.

तानुबाई सकाळपासून चौरंगाजवळ होती. पोरगं आलं की त्याच्या कानात काही बोलायची आणि मग त्याच्याकडे पाठ करून वाती वळत बसायची. मी लाल वस्त्राची एक बाजू दोनदा खोचली. तिने दोनदा सोडली.

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी पांझरेवर वाजतगाजत कानबाईला निरोप दिला. घरी आलो, चौरंग उचलला, डबा बाहेर काढला. उद्याची तयारी म्हणून मोजायला बसलो.

शेहेचाळीस.

पुन्हा मोजले. शेहेचाळीस. एका ओळीत मांडून मोजले. शेहेचाळीस. सदतिसांना माझी चिकटपट्टी होती. नऊ नग उघड्या तोंडाचे. आणि त्यांतल्या एकावर हिरवी टिकली चिकटलेली.

टिकली पाहिली आणि हात जोडले. कानबाईच्या नारळाला काल हिरवीच टिकली लावली होती. लहानपणापासून ऐकतो, रोटाच्या पिठाला बरकत येते, मोजून घेतलेलं मोजून संपत नाही. चौरंगाखाली काय आहे हे कानबाईने पाहिलं नसणार. जे होतं त्याला तिने बरकत दिली. चूक तिची नाही. विष मी ठेवलं.

आता कागदावर सदतीस आणि डब्यात शेहेचाळीस. सदतीसच दिले तर नऊ घरात. सगळे दिले तर विचारतील, तुझ्या घरी नऊ कुठून आले? विकतोस का? एवढ्या वर्षांचं नाव नऊ नगांत गेलं समजा.

त्यात आणखी एक. रोटाचं काही आम्ही भाऊबंदांबाहेर जाऊ देत नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा रस्त्यावर पडू नये म्हणून अंगणात खड्डा करतो. मग कानबाईने दिलेलं मी जळगावच्या परक्या माणसाला कसं देऊ?

विचार करून करून एकच मार्ग दिसला. दुपारी रोटाची पंगत बसली तेव्हा डबा घेऊन मध्ये उभा राहिलो.

"कानबाईने बरकत दिली आहे," मी म्हणालो. "नऊ नग. घरातच राहिले पाहिजेत. एकेकाने एकेक घ्यावा आणि नीट सांभाळावा."

मोजे घातले आणि पहिला नग काढला. पंगतीत कोणी हलेना. सुकदेवने पत्रावळीवरून हात उचलला, धोतराला पुसला आणि दोन्ही हात पुढे केले. एक नग कपाळाला लावून त्याने विचारलं, "भाऊ, हाई देव्हारामा ठेवानं का?"

मयुरीच्या नाकात खीर गेली. ती पदर तोंडात धरून आत पळाली आणि आतून भांडी पडल्यासारखा आवाज येत राहिला.

मी हितेंद्रपुढे आलो. "घे."

"नाना, माले नको."

"प्रसादाला नको म्हणतोस?"

"नाना, पाया पडतो. ज्याला सोडून…" एवढं बोलून तो थांबला. कान लालभडक झाले. सुकदेव त्याच्यावर ओरडला, "घे ना! मोठा भाऊ उभा शे, दिसत नही का तुले?" मग त्याने घेतला. दोन बोटांत, विंचू धरावा तसा. बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या होत्या. इतकी भक्ती मी आमच्या घरात पाहिलेली नाही.

तेवढ्यात तानुबाई उठली. तिने सुकदेवच्या आणि हितेंद्रच्या हातातून नग काढून डब्यात टाकले. हितेंद्रच्या हातून काढताना तिला जोर लावावा लागला नाही.

"कानबाईनी दिधं नही," ती म्हणाली, "कानबाईनी लिधं."

मला काही समजलं नाही. देव घेतो तेव्हा कमी व्हायला पाहिजे ना? पण पंगतीसमोर बायकोशी वाद नको.

"मग उद्या कसं करायचं?"

"हितेंद्र घरनाच शे. त्याना हातमा द्या, तो ली जाई. मंग बाहेर कोठे गयं?"

हे पटलं. हितेंद्र ताबडतोब म्हणाला, "मी माझ्या गाडीतून नेतो, नाना. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस." पोराला माझी किती काळजी!

मंगळवार, ५ ऑगस्ट

जळगावला जाऊन आलो. हितेंद्रचं पित्त वाढलेलं दिसतं. धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत अर्धा डबा बडीशेप खाल्ली, दोनदा चहाला थांबला, दर पाच मिनिटांनी शर्टाचा रिकामा खिसा चाचपत होता. हॉर्न न देता पुढे गेलेल्या एका ट्रॅक्टरवर इतका ओरडला की मी डबा घट्ट धरला.

पारोळ्याच्या पुढे पोलिसाने हात केला. सीटचा पट्टा लावला नव्हता. मीच; डबा धरायचा तर पट्टा कसा लावणार?

"डब्यात काय, बाबा?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वरून तर वाळूच होती.

"वाळू."

तो खाली वाकला. "वाळू? गिरणेची का तापीची?"

"शाळेची."

"परवाना आहे का वाहतुकीचा? तहसीलचा कागद?"

वाळूसाठी ट्रक पकडतात हे माहीत होतं, डबे पकडतात हे नव्हतं. वाळूत पकडलो तर खालचं निघणार, आणि खालच्यात पकडलो तर सहीचा कागद. मी हात जोडले. तो हसायला लागला.

"चिमणीचं घर बांधताय का, बाबा? जा. पट्टा लावा."

पाठीमागे वळून वळून पाहत होतो. अजून हसत होता. जीप येते का पाहिलं. आली नाही.

केंद्रात रूपा नावाची मुलगी टेबलावर होती. तिने मोजे घालून सगळे नग काढले आणि एका तबकात ओतले. तबक काट्यावर ठेवलं.

"एक किलो आठशे चाळीस ग्रॅम," ती म्हणाली आणि पावती फाडली.

"नग लिहा ना, ताई. किती नग?"

"आजोबा, आम्ही मोजत नाही. तोलतो."

दोन आठवडे मी मोजतोय!

"एक तरी आकडा टाका," मी म्हणालो. "सदतीस टाका. नाहीतर शेहेचाळीस. नाहीतर नका टाकू." हितेंद्रने मला खुर्चीवर बसवलं. मग त्याने तबकातल्या एका काळ्या नगाकडे शेवटचं पाहिलं आणि तो हळूच दुसऱ्या बाजूला तोंड करून उभा राहिला. वाळू त्यांनी परत दिली.

बुधवार, ६ ऑगस्ट

पावती घेऊन कोकिळा मॅडमसमोर उभा राहिलो.

"नाना, हे किलोत आहे."

"हो."

"सदतीस होते ना?"

खोटं बोललो असतो तर सुटलो असतो. किलोत काय दिसतं? पण एवढी वर्षं ज्या खोलीत उभा राहिलो तिथे जीभ वळेना. म्हणालो, "शेहेचाळीस गेले, मॅडम. नऊ जास्त होते. माझ्या घरी वाढले. पण मी विकत नाही, घेत नाही. कानबाईने दिले. बायको म्हणते, घेतले. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

मग सगळं सांगितलं. चौरंग, वस्त्र, पोरांची भक्ती, टिकली. मॅडम आधी ओठ दाबून ऐकत होत्या. मग हेमांगी मॅडमना बोलावून घेतलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. टिकलीपाशी हेमांगी मॅडम पाणी प्यायला बाहेर गेल्या.

"घरी किती माणसं होती, नाना?"

"चाळीसेक."

"कोणाचे खिसे तपासले?"

"देवाच्या दारात कोणाचे खिसे तपासणार, मॅडम?"

"आणि डब्याजवळ कोण होतं?"

"तानुबाई. पण तिची पाठ होती."

मॅडमचं हसू गेलं. कागदावर काही आकडे मांडले. चाळीस, नऊ. नऊशे, सदतीस. दोन्ही जोड्यांखाली रेघ ओढली. नऊशे म्हणजे आपल्या शाळेचा पट. यात काय गणित आहे, मला कळलं नाही.

"चार महिने दप्तरं उपसतोय आपण," त्या हेमांगी मॅडमना म्हणाल्या.

मग ड्रॉवरमधून माझ्या सहीचा कागद काढला आणि फाडला. माझ्यादेखत, चार तुकडे.

सोमवार, ११ ऑगस्ट

डबा शाळेत आहे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे, आडोशाला. तीच वाळू, झाकणाला भोक, तपासणारा कोणी नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जळगावला जायचं. या वेळी मॅडमनी केंद्राला आणि संस्थेला रीतसर पत्र दिलं आहे, शाळेच्या शिक्क्यासह. माझी सही कुठेही नाही. सही होती तेव्हा सहीची काळजी होती, आता सही नाही याची आहे.

मला काम एकच. मधल्या सुट्टीत डब्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं. मी विचारलं, "पाठ करून राखण कशी करायची?"

"राखण करायचीच नाही, नाना. फक्त बसायचं."

आज पहिला दिवस. बसलो. मागे पावलं आली, थांबली, वाळूत काही पडलं, पावलं पळाली. मानेला कळ आली पण वळलो नाही. पुन्हा पावलं. पुन्हा. शाळेचे बूट रबरी, त्यांचा आवाज मला पाठ आहे. सुट्टी संपत आली तेव्हा मात्र एक चप्पल आली, टाचेची, टक टक. ती मुलांची नव्हती. टाकीजवळ थांबली. बराच वेळ थांबली. मग वाळूत काही पडलं आणि टाच स्टाफरूमकडे गेली.

मी घंटा दिली. आयुष्यात पहिल्यांदा तीन मिनिटं उशिरा.

शाळा सुटल्यावर मॅडम म्हणाल्या, "मोजू नका हं, नाना."

मोजले नाहीत. डबा फक्त उचलून पाहिला.